उंबराचे फूल : निसर्गातील परस्परावलंबनाच्या प्रश्नाचा आढावा

गोड्या मसाल्याच्या जिनसांची यादी घेऊन कोणी वाण्याच्या दुकानी गेला, तर धणे, खोबरे, तीळ, लवंग, दालचिनी, तमालपत्र या ओळखीच्या नावांच्या सोबतीने दगडफूल नावाचा एक हलका, काळसर-करडा, बोटांनी चुरला असता कुरकुरणारा पदार्थही त्याच्या पिशवीत येऊन पडतो. हा पदार्थ नावाने फूल असला तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो फूल नाही, पान नाही, आणि ज्याला आपण एक सजीव म्हणतो तसा एक सजीवही नाही. १८६९ साली सिमॉन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रतिपादन केले, की दगडफुलाच्या वर्गातील प्रत्येक देह हा बुरशी आणि शैवल अशा दोन सर्वस्वी भिन्न जीवांनी मिळून थाटलेला संसार आहे. शैवल सूर्यप्रकाशात अन्न सिद्ध करते, बुरशी त्यास निवारा देते आणि ओलावा धरून ठेवते, आणि दोघांच्या मिळून झालेल्या देहाला उघड्या कातळावर जगण्याचे असे सामर्थ्य येते की जे त्या दोहोंपैकी एकालाही एकट्याने लाभले नसते. त्या काळच्या अनेक नामांकित तज्ज्ञांना हे मत रुचले नाही. परंतु दहा वर्षांनी, १८७९ साली, अँटन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने अशा संबंधाला 'सहजीवन' या अर्थाची संज्ञा दिली आणि ती शास्त्रात कायमची रुजली. २०१६ साली तर कित्येक दगडफुलांच्या देहात यीस्टच्या जातीचा तिसरा भागीदारही नांदत असल्याचे आढळून आले.

ज्याला आपण एक समजत होतो ते अनेकांचे मिळून बनलेले निघावे, हा अनुभव गेल्या तीनशे वर्षांत निसर्गाच्या अभ्यासकांना इतक्या वेळा आला आहे, की त्यातून एक मोठा प्रश्न आपोआप उभा राहतो. निसर्गात सुसंवाद आहे काय. असल्यास तो कोणत्या स्वरूपाचा आहे. आणि मनुष्याने आपला प्रपंच चालविताना त्या सुसंवादावर कितपत भिस्त ठेवावी? या प्रश्नाला वेळोवेळी मिळालेली उत्तरे परस्परांशी जुळणारी नाहीत. त्यांचा क्रमाने परामर्श घेऊन अखेर कोणता निष्कर्ष पदरात पडतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पहिले सुसंगत उत्तर अठराव्या शतकातील आहे. सजीवांना दोन पदांची लॅटिन नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या कार्ल लिनियसच्या देखरेखीखाली १७४९ साली 'निसर्गाचे अर्थकारण' या अर्थाच्या शीर्षकाचा एक प्रबंध स्वीडनमधील उप्साला येथे सादर झाला. त्यात सृष्टीची कल्पना एखाद्या सुव्यवस्थित संस्थानासारखी केलेली आहे : प्रत्येक जातीला विधात्याने नेमून दिलेली जागा आहे, प्रत्येकीचे अन्न ठरलेले आहे, तृणभक्षकांची संख्या हाताबाहेर जाऊ नये म्हणून मांसभक्षकांची नेमणूक आहे, आणि जे मरते त्याची विल्हेवाट लावून त्यातून नवे जीवन उभे करण्याचे कामही कोणा ना कोणाकडे सोपविलेले आहे. या दरबारात निरुपयोगी असा कोणी नाही, आणि ज्याचा वंश समूळ बुडेल असाही कोणी नाही. पुढे १७९६ साली जॉर्ज क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्राचीन हत्तींच्या अस्थींवरून दाखवून दिले, की पूर्वी नांदलेल्या जाती पृथ्वीवरून पार नाहीशा झाल्या आहेत; तेव्हा या चित्राला पहिला तडा गेला. तरीही लिनियसच्या विचारातील एक धागा आजवर टिकून आहे : सजीवांचा विचार एकेकट्याने न करता त्यांच्या देवघेवीसह करावा.

हाच धागा अलेक्झांडर फॉन हंबोल्टने पुढे नेला. १८०० साली तो दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशात व्हॅलेन्सिया सरोवराच्या काठी पोहोचला, तेव्हा तेथील रहिवाशांनी सरोवराचे पाणी वर्षानुवर्षे ओसरत असल्याचे त्यास सांगितले. पाणी जमिनीखालील एखाद्या गुप्त वाटेने निघून जात असावे, असा तर्क प्रचलित होता. हंबोल्टने सभोवारच्या डोंगरांकडे बोट दाखविले. मळ्यांसाठी तेथील अरण्य तोडले गेले होते, आणि सरोवरास मिळणारे ओढे पिकांच्या पाण्यासाठी वळविले गेले होते. झाडे गेली की झरे आटतात, आणि कोसळलेला पाऊस जमिनीत न मुरता माती घेऊन एकदम धावत सुटतो, हे त्याने कारणपरंपरेसह लिहून ठेवले. सह्याद्रीच्या ज्या ज्या गावाला आषाढात धो धो पाऊस आणि चैत्रात कोरडी विहीर असे दोन्ही अनुभव येतात, त्या गावाला ही कारणपरंपरा वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

चार्ल्स डार्विनचे नाव घेतले की सुसंवादापेक्षा संघर्ष प्रथम आठवतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु १८५९ सालच्या त्याच्या ग्रंथात जीवनकलहाच्या प्रकरणातच परस्परसंबंधांची एक नमुनेदार साखळी आली आहे. तांबड्या फुलांचे क्लोव्हर नावाचे चाऱ्याचे रोप फळण्यासाठी केसाळ भुंग्यांवर विसंबून असते. भुंग्यांची घरटी उंदीर उद्ध्वस्त करतात. उंदरांना मांजरे खातात. आणि मांजरे गावाच्या आसपास अधिक असतात. सबब एखाद्या मुलखात मांजरे किती आहेत, यावर तेथे विशिष्ट फुले किती फुलतील हे अवलंबून असू शकते, असे त्याचे अनुमान होते. म्हणजे जो पुरुष निसर्गातील कलहाचा भाष्यकार मानला गेला, त्यानेच त्या कलहाच्या पोटातील नातीगोतीही उकलून दाखविली. १८६२ साली त्याने मादागास्करमधील एका आमरीचे फूल तपासले, तेव्हा मधुरसाची सुमारे फूटभर लांबीची नळी पाहून त्याने भाकीत केले, की तितकीच लांब सोंड असलेला पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. तशा पतंगाचे शास्त्रीय वर्णन १९०३ साली प्रसिद्ध झाले. डार्विनला जाऊन तेव्हा एकवीस वर्षे लोटली होती. एका जीवाच्या शरीरावरून दुसऱ्या, कोणी न पाहिलेल्या जीवाचे शरीर सांगता यावे, याहून परस्परावलंबनाचा अधिक ठोस दाखला कोणता असू शकेल?

असा दाखला पाहण्यासाठी मादागास्करपर्यंत जाण्याचे मात्र कारण नाही. तो आपल्या विहिरीच्या काठी उभा आहे. फार दिवसांनी दर्शन देणाऱ्या आप्ताला 'काय, उंबराचे फूल झालात!' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, कारण उंबराला फूल आलेले कोणी पाहिलेले नसते. खरे पाहता उंबराचे जे फळ आपण म्हणतो ती एक बंद कोठडी असून तिच्या आतील भिंतींवर शेकडो सूक्ष्म फुले लागलेली असतात. तिच्या टोकाशी सुईच्या अग्राएवढे एक द्वार असते, आणि त्या द्वारातून आत शिरण्याचा अधिकार पिढीजात वतनासारखा एका बारीकशा गांधीलवर्गीय कीटकाकडे आलेला आहे. मादी त्या अरुंद वाटेने आत घुसते तेव्हा बहुधा तिचे पंख तुटून बाहेरच राहतात. आत गेल्यावर ती आपल्यासोबत आणलेले पराग फुलांना पोहोचविते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. ज्या फुलांत अंडी पडली त्यांत कीटकाची पुढची पिढी वाढते. इतर फुलांत उंबराचे बी धरते. नव्या पिढीतील नर आधी बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. माद्यांशी समागम करून आणि फळाच्या भिंतीतून त्यांच्यासाठी वाट कोरून ते आपले आयुष्य संपवितात. माद्या आतले ताजे पराग घेऊन त्या वाटेने उडतात, आणि उणापुरा एक-दोन दिवसांचा अवधी हाती असताना योग्य अवस्थेतील दुसरे उंबर शोधतात. वड, पिंपळ, उंबर, पायर यांच्या कुळात जगभर सातशेहून अधिक जाती आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक जातींचा व्यवहार अशाच आपापल्या ठरावीक कीटकांशी बांधलेला आहे.

या व्यवहारातून जे निष्पन्न होते ते त्या दोघांपुरते राहत नाही. कीटकाचे आयुष्य इतके अल्प असल्याने मुलखातील सगळी उंबरे एकाच मोसमात फळून चालत नाही; कोठे ना कोठे, कोणते ना कोणते झाड बाराही महिने योग्य अवस्थेत असावे लागते. रानातील इतर फळझाडे ज्या महिन्यांत रिकामी असतात त्या महिन्यांतही म्हणूनच उंबराखाली आणि वडाखाली पंगत बसलेली दिसते : महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, राज्यप्राणी शेकरू, धनेश, वानरे, रात्री वटवाघळे. ही मंडळी बिया दूरवर नेऊन टाकतात, आणि त्यातून नवे रान उभे राहते. अर्धा सेंटिमीटरही लांबी नसलेला एक कीटक उद्या नाहीसा झाला, तर त्या पंगतीतील प्रत्येकाच्या ताटाला त्याची झळ लागेल.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. उंबर आणि कीटक यांच्या संबंधाला मैत्री म्हणण्याचा मोह होतो, पण निसर्गाच्या दफ्तरात त्याची नोंद तहाच्या सदरात करणे अधिक यथार्थ होय. कीटकाने सर्वच फुलांत अंडी घातली तर उंबराचा वंश खुंटेल. एकाही फुलात घातली नाहीत तर कीटकाचा. उभयतांचे हितसंबंध काही अंशी एकमेकांविरुद्ध आहेत, आणि ती ओढाताण एका सीमेत राहिली आहे म्हणूनच दोघे लक्षावधी वर्षे टिकले आहेत. शिवाय परागांचे ओझे न उचलता बाहेरूनच फळाला लांब सुई टोचून अंडी घालणारे इतर कीटकही आहेत. तेही त्याच कोठडीत वाढतात. उंबर त्यांचाही भार सोसते. निसर्गातील सुसंवाद हा असा आहे. त्यात प्रत्येकाचा स्वार्थ शाबूत आहे, फसवणुकीलाही वाव आहे, आणि तरीही एकूण हिशेब दीर्घकाळ बुडीत जात नाही.

विसाव्या शतकात हा प्रश्न अधिक काटेकोर झाला. १९१६ साली फ्रेडरिक क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकाने असे मांडले, की एखाद्या प्रदेशातील वनस्पतींचा समुदाय हा जणू एक महादेह आहे. तो जन्मतो, टप्प्याटप्प्याने वाढतो, आणि हवामानाला अनुरूप अशा परिपक्व अवस्थेस पोहोचून तेथे स्थिरावतो. दहा वर्षांनी, १९२६ साली, हेन्री ग्लीसनने त्यास विरोध केला. त्याच्या मते प्रत्येक जात आपापल्या गरजेप्रमाणे आणि संधीप्रमाणे येऊन वसते. आपण ज्याला समुदाय म्हणतो तो एका पेठेत योगायोगाने जमलेल्या लोकांसारखा असतो. १९३५ साली आर्थर टॅन्स्ली या इंग्रज शास्त्रज्ञाने दोन्ही टोके टाळून 'परिसंस्था' ही संकल्पना पुढे केली, आणि सजीवांच्या बरोबरीने माती, पाणी, हवा व ऊन यांनाही त्या जमाखर्चात घेतले. देह ही कल्पना भावनेला जवळची असली तरी शास्त्राला परिसंस्था ही अधिक उपयोगी ठरली, याचे कारण हे की तिच्यात मोजमाप शक्य आहे : किती ऊन आले, त्याचे अन्न किती झाले, ते कोणाकोणाच्या पोटी गेले आणि अखेर मातीत काय परतले.

त्याच सुमारास समतोलाच्या जुन्या कल्पनेलाही धक्के बसत होते. चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९३० साली निःशंकपणे लिहिले, की ज्याला निसर्गाचा समतोल म्हणतात तसे काही अस्तित्वात नाही. हे मत बनण्यामागे मोठा आधार होता तो १६७० सालापासून उत्तर अमेरिकेत लोकरी कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीच्या दफ्तराचा. त्या कीर्दीतील लिंक्स नावाच्या रानमांजराच्या कातड्यांचे आकडे ओळीने मांडले असता दिसून आले, की त्यांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या अंतराने चढते आणि कोसळते, आणि हे चक्र तो ज्यांवर जगतो त्या सशांच्या चढउताराशी निगडित आहे. कोणतेही वर्ष घेतले तरी त्यास समतोलाचे वर्ष म्हणता येत नाही. परंतु शंभर वर्षे घेतली तर त्या अस्थैर्यालाही एक लय आहे.

यानंतर बराच काळ असे मानले गेले, की जितक्या जाती अधिक आणि त्यांच्यातील संबंध जितके दाट, तितकी परिसंस्था भक्कम. १९७२ साली रॉबर्ट मे या शास्त्रज्ञाने गणिताने दाखविले, की जाती आणि संबंध वाटेल तसे जोडले तर गुंतागुंत वाढताच स्थैर्य घटते. या निष्कर्षाने अनेकांचा विरस झाला. पण त्यातून पुढचा, अधिक मोलाचा प्रश्न निघाला. ज्या अर्थी गुंतागुंतीची अरण्ये प्रत्यक्षात टिकून आहेत, त्या अर्थी त्यांतील संबंध वाटेल तसे जोडलेले नसले पाहिजेत. मग त्यांची जोडणी कशी आहे, आणि कोणता दुवा किती वजनाचा आहे?

या प्रश्नाचे एक उत्तर समुद्राच्या खडकावर मिळाले. रॉबर्ट पेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरील खडकाचा एक पट्टा निवडला आणि त्यावरील तारामासे नेमाने उचलून दूर समुद्रात फेकण्याचा क्रम चालविला. तारामासा हा तेथील शिंपल्यांचा भक्षक. तो हटताच शिंपल्यांनी खडक व्यापला, इतरांना जागा उरली नाही, आणि जेथे पंधरा जाती नांदत होत्या तेथे आठच राहिल्या, असे त्याने १९६६ साली नोंदविले. पुढे १९६९ साली अशा जातीसाठी त्याने कमानीच्या माथ्यावरील कळीच्या दगडाची उपमा योजली : आकाराने तो इतर दगडांसारखाच, पण तो काढला की कमान ढासळते. एक खाणारा गेला म्हणून इतर अनेक जातीही नाहीशा झाल्या, हे या प्रयोगाचे सार आहे. आणि प्रयोगाची दुसरी शिकवण अशी, की तारामाशाचे हे माहात्म्य त्याच्याकडे नुसते पाहून कोणालाही सांगता आले नसते; त्याला काढल्यानंतरच ते कळले.

पेनने हा प्रयोग खडकाच्या एका लहानशा पट्ट्यावर केला. मनुष्याने मात्र असेच प्रयोग, आपण प्रयोग करीत आहोत याची जाणीवही नसताना, खंडप्राय देशांवर केले आहेत. १९५८ साली चीनमध्ये सरकारी फर्मानाने चिमण्यांचा संहार आरंभण्यात आला, कारण त्या धान्य खातात. त्या किडीही खातात, ही दुसरी बाजू पिकांवर टोळ आणि इतर कीटक वाढले तेव्हा ध्यानी आली, आणि १९६० साली चिमण्यांचे नाव शत्रूंच्या यादीतून काढून त्या जागी ढेकणांचे नाव घालण्यात आले. आपल्या देशातूनही भातखाचरांतील बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठविण्याचा व्यापार दीर्घकाळ चालला होता. बेडूक गेले की पिकावरील किडींना मोकळे रान मिळते, हे उमगून १९८७ साली त्या निर्यातीस मज्जाव झाला.

परंतु या सर्वांहून दारुण, आणि आपल्या डोळ्यांदेखत घडलेली कहाणी गिधाडांची आहे. एके काळी गावाबाहेर गुरे टाकण्याच्या जागी गिधाडांचे थवे उतरत, आणि मेलेल्या बैलाचा काही तासांत नुसता सांगाडा उरे. १९९० नंतरच्या दशकात राजस्थानातील भरतपूर येथे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना गिधाडे झपाट्याने कमी होत असल्याचे आढळले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारांमागे एक उरले. कारण सापडण्यास वेळ लागला. २००४ साली पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी दाखवून दिले, की गुरांच्या वेदना व सूज उतरावी म्हणून टोचण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्यांच्या मृत देहातून गिधाडांच्या पोटी जाते आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी करते. पुढील हिशेबातून असे निघाले, की शंभरांतील एकाहूनही कमी जनावरांच्या देहात ते औषध घातक प्रमाणात असले तरी एवढा संहार घडून येण्यास ते पुरेसे होते; कारण एकाच जनावरावर गिधाडांचा अख्खा थवा जेवतो, आणि गिधाडाची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते, तेव्हा झालेली तूट भरून निघण्यास पिढ्या लागतात.

या औषधाच्या मागे कोणाचा दुष्ट हेतू नव्हता, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. ज्या शेतकऱ्याने लंगडणाऱ्या बैलाला सुई टोचून घेतली, त्याने दयाबुद्धीनेच ती टोचून घेतली. पण बैल, औषध, गिधाड, कुत्रे आणि माणूस एकाच सूत्रात ओवलेले आहेत हे कोणाच्याच गावी नव्हते. गिधाडांनी सोडलेल्या पंगतीवर भटकी कुत्री बसली, त्यांची संख्या वाढली, आणि पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश हे ज्या देशात आधीच मोठे संकट आहे तेथे त्या संकटात भर पडली. मुंबईत मलबार टेकडीवरील दोखम्यांत मृतदेह गिधाडांना अर्पण करण्याचा पारशी समाजाचा प्राचीन धर्माचार, गिधाडेच न उरल्यामुळे खंडित झाला, आणि त्या जागी सूर्यकिरण एकवटणाऱ्या यंत्रांची योजना करावी लागली. गुरांच्या दवाखान्यातील एका कुपीचा परिणाम एका समाजाच्या अंत्यसंस्कारापर्यंत पोहोचावा, ही गोष्ट कल्पित कथेत कोणास खरी वाटली नसती. २००६ साली गुरांसाठी हे औषध बनविण्यास भारतात बंदी झाली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक असे दुसरे औषध उपलब्ध आहे. ऱ्हासाचा वेग मंदावला. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावात गावकऱ्यांच्या साह्याने गिधाडांची घरटी राखली गेली. परंतु जे थवे आकाशातून उतरत, ते पुन्हा पाहण्यासाठी आजच्या पिढीला फार वाट पाहावी लागेल.

येथवर तुटलेल्या दुव्यांचे वर्णन झाले. ते दुवे राखण्याची काही रीत मनुष्याने पूर्वी सिद्ध केली होती काय? सह्याद्रीपुरते बोलायचे तर देवराई हे त्याचे ठळक उत्तर आहे. वाघजाई, सोमजाई, काळकाई अशा ग्रामदेवतांच्या नावे राखलेल्या रानाच्या तुकड्यात कुऱ्हाड चालवायची नाही, काही ठिकाणी तर पडलेली काटकीही उचलायची नाही, असा दंडक गावोगाव होता. गावावर खरीच निकड आली तर देवीपुढे कौल लावायचा, आणि तिने दिला तरच हवे तेवढे लाकूड घ्यायचे. १९७० नंतरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी अशा देवराया हिंडून पाहिल्या आणि १९७६ साली त्यांविषयी लिहिले, तेव्हा सभोवारचे रान उजाड झाले असताना या तुकड्यांत मूळचे जुने वृक्ष आणि महाकाय वेली टिकून असल्याचे विद्वज्जगतापुढे आले. बहुतेक देवरायांत झरा किंवा कुंड असते, आणि गावाचे पाणी त्यावर चालते. तेथील जुनाट झाडांच्या ढोलीत धनेशाची मादी चिखलाने द्वार लिंपून घेऊन अंडी उबविते, आणि नर तिला त्या फटीतून उंबरादी फळे भरवितो. जुनी झाडे नसतील तर ढोली नाही, ढोली नसेल तर धनेश नाही, आणि धनेश नसेल तर ज्या मोठ्या बियांना लहान पक्षी गिळू शकत नाहीत त्या दूरवर नेऊन टाकणारा कोणी उरत नाही.

या परंपरेचे गुणगान करताना तिच्या मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. देवराया लहान आहेत; बऱ्याचशा काही एकरांच्याच. गावाने देवराई राखली, पण तिच्या कुंपणाबाहेरचे डोंगर कोळशासाठी आणि लाकडासाठी उघडे पडताना तो दंडक कामी आला नाही. १८७८ च्या जंगलविषयक कायद्याने रानावर सरकारी अंमल घट्ट बसला आणि रानाची किंमत महसुलाच्या भाषेत होऊ लागली. गावाचा आणि रानाचा जुना संबंध त्याने सैल केला. आज कित्येक ठिकाणी देवीच्या जुन्या ठाण्याच्या जागी सिमेंटचे मोठे देऊळ बांधण्यासाठी तिचेच रान विकले गेले आहे. देवीवरील श्रद्धा वाढली आणि देवीचे रान घटले, हे पाहून मन विषण्ण होते.

निसर्गातील ऐक्याच्या ओढीने शास्त्रातही कधी कधी प्रमाणापलीकडे बोलले जाते, याची जाणीव ठेवणे या आढाव्यात अगत्याचे आहे. १९९७ साली सुझान सिमार्ड यांनी कॅनडातील रानात प्रयोग करून दाखविले, की बर्च आणि फर यांच्या रोपांत कार्बनची देवघेव होते, आणि मुळांशी जडलेल्या बुरशीच्या तंतूंचा त्यात भाग असावा. त्यावरून पुढे वृक्ष आपल्या लेकरांना ओळखून पोसतात, परस्परांना इशारे देतात अशी वर्णने लोकप्रिय झाली. मात्र २०२३ साली काही अभ्यासकांनी सर्व पुरावा पुन्हा तपासून सांगितले, की प्रत्यक्ष अरण्यात यांपैकी बऱ्याच गोष्टी अद्याप सिद्ध झालेल्या नाहीत. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात १९९५ साली लांडगे परत आणले गेले, त्यानंतर हरणे आवरली, विलोची झुडपे वाढली आणि ओढ्यांचे काठही सावरले, ही कथा सर्वतोमुखी आहे. तीतही लांडग्यांचा वाटा नेमका किती याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. अशा दुरुस्त्यांनी खिन्न होण्याचे कारण नाही. उंबराचा कीटक, पेनचा खडक आणि भारतातील गिधाडे यांचा पुरावा इतका भक्कम आहे, की परस्परावलंबनाच्या सिद्धांताला अतिशयोक्तीच्या टेकूची गरज पडत नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर काय? लिनियसच्या संस्थानासारखी नेमून दिलेली, अचल व्यवस्था निसर्गात आढळत नाही. निसर्गातील जाती आपापल्या हितासाठी झटतात, संख्या चढतात आणि कोसळतात, समुदाय जमतात आणि विखुरतात. तथापि हे सर्व व्यवहार एकमेकांत इतके गुंतलेले आहेत, की एका खात्यावरील रक्कम खोडली तर भलत्याच खात्यात तूट दिसू लागते. सगळी खाती सारख्या वजनाची नाहीत, हे खरे. काही पुसली गेली तरी हिशेब कसाबसा जुळतो. परंतु कोणते खाते कळीचे आहे हे ते पुसण्यापूर्वी सहसा कळत नाही, आणि पुसल्यावर कळून बहुधा उपयोग होत नाही. या आढाव्यातून माझ्या मते एवढा एकच निष्कर्ष निर्विवादपणे हाती लागतो, आणि तो व्यवहाराच्या दृष्टीने पुरेसा आहे.

त्याचा अर्थ असा, की पुराव्याची जबाबदारी तोडणाऱ्यावर असली पाहिजे. एखादे रान, ओढा, माळ किंवा खाडी राखा असे म्हणणाऱ्याला आज आपण त्याच्या उपयुक्ततेचे दाखले मागतो. वस्तुतः ते नष्ट केल्याने काही बिघडणार नाही याचे दाखले नष्ट करणाऱ्याकडून मागितले पाहिजेत. नवे औषध, नवे कीटकनाशक, नवा रस्ता किंवा नवे धरण यांना परवाना देण्यापूर्वी ज्यांची दाद घेतली जाते त्यांच्या वर्तुळात गिधाड, बेडूक आणि उंबराचा कीटक यांनाही स्थान असले पाहिजे, कारण त्यांना स्वतःची कैफियत मांडता येत नाही. कुऱ्हाड उचलण्यापूर्वी देवीपुढे कौल लावणाऱ्या माणसाला परिसंस्था हा शब्द ठाऊक नव्हता. पण तोडण्याआधी विचारले पाहिजे, आणि नकार मिळाला तर कुऱ्हाड खाली ठेवली पाहिजे, एवढे त्यास पक्के ठाऊक होते. आपल्यापाशी आज शास्त्र आहे, कायदा आहे आणि गिधाडांचा अनुभव आहे. आपणही आधी विचारावे, आणि उत्तर नकारार्थी आले तर ते मानावे.